ओव्हन १८०, मोल्ड किती?

इपॉक्सी चिवट करण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

साध्या इपॉक्सीपासून सुरुवात. काय घातल्याने किती फरक पडला हे सांगायचं, तर काहीच न घातलेल्याचा आकडा आधी हातात हवा.

रेझिन नेहमीचंच, बिस्फेनॉल-ए चं डायग्लिसिडिल इथर (डीजीईबीए), इपॉक्सी तुल्यभार (एका इपॉक्सी गटामागचं वजन) १८७. हार्डनर डायअमिनोडायफिनाइल सल्फोन, म्हणजे डीडीएस. रेणुभार २४८, अमाइनचे हायड्रोजन ४, म्हणून तुल्यभार ६२. हिशेबाने १०० ग्रॅम रेझिनला ३३.२ ग्रॅम डीडीएस. रेझिन १२५ अंशांवर ठेवून पूड थोडी थोडी सोडली. विरघळायला भारी वेळ लावते. तळाचा पांढरा गाळ दिसेनासा होऊन द्रव नितळ झाला, की मग व्हॅक्युम, बुडबुडे थांबेपर्यंत. मग क्युअर, म्हणजे तापवून पक्कं करणं: ओव्हन १८०, दोन तास. पोस्ट-क्युअर २००, दोन तास.

प्लेट मधाच्या रंगाची आणि आरपार दिसणारी. टेबलावर ठेवताना काचेसारखा आवाज करते. तुटतेही तशीच.

९ जानेवारी

फ्रॅक्चर टेस्ट, एएसटीएम डी ५०४५ प्रमाणे. नमुने ६ मि.मी. जाड, १२ मि.मी. रुंद, तीन टेकूंवर वाकवायचे. करवतीने खाच पाडणं सोपं. खरी कसोटी पुढची. खाचेत नवं कोरं ब्लेड उभं धरायचं आणि वरून हातोडीने टकटक करायची. नेमका ठोका बसला तर ब्लेडच्या पुढे बारीक चीर धावते. पारदर्शक प्लेटमध्ये ती चमकत्या चंद्रकोरीसारखी दिसते आणि रुंदीच्या मध्यावर थांबते. ठोका थोडा जास्त पडला की हातात दोन तुकडे. १४ नमुन्यांतले ६ असे गेले. ज्युनिअर म्हणाला, "टेस्टच्या आधीच टेस्ट झाली."

उरलेल्या ८ नमुन्यांची सरासरी के-वन-सी (चीर पुढे सरकायला पदार्थ किती विरोध करतो त्याचं माप) ०.६८ मेगापास्कल वर्गमूळ मीटर. यापुढे नुसता 'के' म्हणून आकडा लिहीन. नमुना तुटताना यूटीएमवर (भार देऊन मोजणारं यंत्र) जेमतेम ४२ न्यूटन दिसत होते, म्हणजे सव्वाचार किलो वजन. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा के २५-३० च्या घरात असतो, त्यावरून या रेझिनचा ठिसूळपणा कळावा. कडकपणा मात्र उत्तम, मॉड्युलस ३.० गिगापास्कल.

ऊर्जेच्या भाषेत, म्हणजे जी-वन-सी (चीर पुढे न्यायला लागणारी ऊर्जा), सुमारे १३५ जूल प्रति चौरस मीटर. जी हा के च्या वर्गावर चालतो. के पावणेदोन पट झाला तर जी तिप्पट होतो. म्हणून कुठल्याही पेपरात "तिप्पट चिवट" असं वाचलं की आधी बघायचं, गडी के बोलतोय की जी.

१७ जानेवारी

रबराचा रस्ता आधी तपासून बाजूला ठेवायचा होता. कार्बोक्सिल टोकांचं ब्युटाडाईन-ॲक्रिलोनायट्राइल रबर, सीटीबीएन. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एमआयटीत मॅकगॅरी आणि सहकाऱ्यांनी यावर काम केलं, तेव्हापासून इपॉक्सी चिवट करायची हीच रूढ वाट आहे. द्रव रबर गरम रेझिनमध्ये विरघळतं आणि क्युअर होताना वेगळं होऊन मायक्रॉनभर आकाराचे गोळे बनतात. चिरेच्या टोकाशी ताण वाढला की गोळ्यांच्या आत पोकळी पडते, आजूबाजूच्या रेझिनवरचा तिहेरी ताण सुटतो आणि ते रेझिन सरकून ऊर्जा खातं.

सरकू शकलं तर. डीडीएसने विणलेलं जाळं इतकं घट्ट असतं की सरकायला जागाच कमी. पिअरसन आणि यी यांनी १९८९ मध्ये हेच दाखवलं होतं: तेच रबर सैल जाळ्यात भरपूर काम करतं, घट्ट जाळ्यात फारच थोडं. आमच्याकडे १० भाग रबराने के ०.९३ झाला, पण मॉड्युलस २.५ वर आला आणि टीजी, म्हणजे ज्या तापमानाला माल काचेसारखा कडक न राहता मऊ पडतो ते, १२ अंशांनी घसरली, कारण थोडं रबर बाहेर न पडता रेझिनमध्येच विरघळून राहिलं. चिवटपणा मिळाला, पण त्याची किंमत उष्णता सोसण्याच्या ताकदीतून वसूल झाली. आम्हाला २०० च्या वर टीजी हवी आहे. रबर बंद.

मॅडम म्हणाल्या, "मग असं काहीतरी घाल ज्याची स्वतःची टीजी २०० च्या वर आहे."

२४ जानेवारी

ते काहीतरी म्हणजे पॉलिइथरइमाइड नावाचं प्लास्टिक, पीईआय. अंबरच्या रंगाचे पारदर्शक दाणे, टीजी २१७. स्वतः चिवट, शिवाय मॉड्युलस इपॉक्सीइतकाच, त्यामुळे कडकपणा जायची भीती नाही. विरघळून राहिलं तरी टीजी खाली ओढणार नाही.

दाणे १५० अंशांवर चार तास वाळवले. डायक्लोरोमिथेनमध्ये रात्रभर फिरवत ठेवले. सकाळी सोनेरी द्राव तयार. त्यात रेझिन, मग द्रावक उडवायचा. हा ४० अंशांना उकळतो म्हणून काम सोपं वाटतं, पण शेवटचे दोन-तीन टक्के सुटता सुटत नाहीत. मिश्रण घट्ट होत जातं, व्हॅक्युम लावला की फेस बीकरच्या गळ्यापर्यंत चढतो, व्हॅक्युम सोडला की खाली बसतो. दिवसभर हाच खेळ. शेवटी १२० अंश आणि पूर्ण व्हॅक्युमवर रात्रभर. वजन दोन वेळा सारखं आलं तेव्हाच सोडलं.

(सगळं फ्यूम हूडमध्ये. आपले नेहमीचे नायट्राइल हातमोजे या द्रावकापुढे काही मिनिटंही टिकत नाहीत. थेंब पडला तर मोजा लगेच काढायचा, "हे झालं की काढतो" चालणार नाही.)

३० जानेवारी

१० टक्के पीईआयची प्लेट. १३३ ग्रॅम रेझिन-हार्डनरला १४.८ ग्रॅम. ओतताना नितळ होती, ओव्हनमधून निघाली ती दुधी चहाच्या रंगाची. आरपार काही दिसत नाही. म्हणजे फेज सेपरेशन झालं, पीईआय आणि इपॉक्सी वेगळे झाले. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या जरा लवकर वाजल्या. के ०.७४. प्रमाण विचलन धरलं तर काहीच मिळालं नाही असंच म्हणायला हवं.

एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) तुटलेला पृष्ठभाग द्रावकात बुडवून पीईआय काढून टाकलं आणि सोन्याचा मुलामा दिला. पीईआय होतं तिथे एक-दोन मायक्रॉनची गोल भोकं, चाळणीसारखी. न धुतलेल्या पृष्ठभागावर तेच गोळे गुळगुळीत दिसतात, काही ठिकाणी वाटीतून गोटी उचलावी तसे निघून गेलेले. चीर गोळ्याशी आली, बाजूने वळली आणि पुढे निघून गेली. गोळ्याला काही काम करावंच लागलं नाही. बकनॉल आणि पार्ट्रिज यांनी १९८३ मध्ये पॉलिइथरसल्फोन (हेही पीईआयसारखंच प्लास्टिक) घालून पाहिलं, तेव्हा त्यांनाही चिवटपणात फारसा फायदा दिसला नव्हता. चिवट प्लास्टिक आत आहे एवढ्याने भागत नाही. चिरेला त्याच्यातून जायला भाग पाडलं पाहिजे.

६ फेब्रुवारी

१५ टक्के. एकच मिश्रण, दोन प्लेटा, एकच ओव्हन, शेजारी-शेजारी.

प्लेट अ: के ०.८३.
प्लेट ब: के १.१९.

आकडे दोनदा तपासले. नमुन्यांवरच्या खुणा तपासल्या.

७ फेब्रुवारी

पुन्हा मोजलं, या वेळी अदलाबदल नको म्हणून ज्युनिअरने नमुने दिले आणि मला कुठली प्लेट ते सांगितलं नाही. अ ०.८५, ब १.१७. चूक मोजण्यात नाही.

११ फेब्रुवारी

एसईएम. अ मध्ये गोळेच, फक्त मोठे, मधूनमधून पीईआयचे वेडेवाकडे पट्टे. ब मध्ये चित्रच वेगळं. गोळे नाहीत. दोन जाळी एकमेकांत गुंतलेली, जणू एका स्पंजच्या भोकांत दुसरा स्पंज वाढलाय. न धुतलेल्या पृष्ठभागावर पीईआयचे पदर ओढून, ताणून, फाटलेले. पांढऱ्या कडांचे ओरखडे सगळीकडे. इथे चिरेला बाजूने जायला वाट नव्हती. प्रत्येक पाऊल पीईआय फाडतच टाकावं लागलं.

मिश्रण एकच आहे, तर मग एका प्लेटमध्ये बेटं आणि दुसरीत जाळं कसं?

मॅडमना दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी फोटो बाजूला ठेवून विचारलं, "मोल्ड कोणते होते?" अ काचेच्या दोन पातळ तावदानांच्या मोल्डमध्ये. ब स्टीलच्या मोल्डमध्ये, एकेक बाजू २५ मि.मी. जाड, कारण काचेचा दुसरा मोल्ड मी मागच्या आठवड्यात फोडला होता. वहीत मोल्डचा रकानाच नाही. रकाना आहे तो ओव्हनचा, आणि तिथे दोन्हींपुढे लिहिलंय १८०.

१३ फेब्रुवारी

दोन्ही मोल्ड रिकामे, आत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), ओव्हन १८०. काचेचा २५ मिनिटांत १७५ ला पोचला. स्टीलचा एक तास दहा मिनिटांनी. त्यातली जवळजवळ अर्धी वेळ तो १३० ते १५५ च्या मध्ये रेंगाळला.

म्हणजे मी ज्याला "१८० ला क्युअर" म्हणत होते, ते स्टीलमधल्या प्लेटच्या बाबतीत खरं नव्हतं. त्या प्लेटचं जे काही ठरायचं ते १८० च्या बरंच खाली ठरून गेलं होतं.

आता हे का व्हावं, ते स्वतःसाठी एकदा नीट लिहून काढते. सुरुवातीला रेझिनचे रेणू छोटे, त्यामुळे पीईआयच्या लांब साखळ्यांत ते सहज मिसळतात. गर्दीत सुटी माणसं कशीही मिसळतात, तसंच. क्युअर सुरू झालं की ही माणसं एकमेकांचे हात धरायला लागतात. दोघांची जोडी, चौघांची साखळी, मग दहांची. साखळी जितकी लांब तितकं मिसळून राहणं अवघड, कारण मिसळण्यातून मिळणारी एंट्रॉपी (अव्यवस्था) कमी होत जाते. एका टप्प्यावर हिशेब उलटतो आणि पीईआय आणि इपॉक्सी वेगळे होऊ लागतात. बाहेरून तापमान वगैरे काही न बदलता, अभिक्रियेनेच घडवलेलं हे विभाजन.

मिश्रणाचं प्रमाण मधल्या पट्ट्यात असेल तर विभाजन गोळ्यांनी सुरू होत नाही. सगळ्या आकारमानात एकदम लाटा उठतात, इथे पीईआय जास्त, तिथे कमी, आणि त्यातून दोन गुंतलेली जाळी तयार होतात. याला स्पायनोडल विघटन म्हणतात. पण ही जाळी टिकाऊ नाहीत. पृष्ठताण त्यांना जाड करत नेतो, मग ती अधूनमधून तुटतात आणि तुकडे गोल होतात. नळाची बारीक धार खाली जाऊन थेंबांत फुटते, तसंच. वेळ मिळाला तर शेवट बेटांतच.

वेळ संपवणारी कुलपं दोन. एक, इपॉक्सी जेल होणं, म्हणजे रेणूंचं जाळं जुळून द्रव वाहायचा थांबणं. डीजीईबीए आणि चार हायड्रोजनचं अमाइन योग्य प्रमाणात असेल तर फ्लोरीच्या हिशेबाने जेल येतं ते एक भागिले वर्गमूळ तीन, म्हणजे सुमारे ५८ टक्के अभिक्रियेला. दुसरं कुलूप माझ्या लक्षात आलं नव्हतं. पीईआयच्या भागातून इपॉक्सी बाहेर पडत जातं तशी त्या भागाची टीजी चढत जाते, २१७ च्या दिशेने. ती क्युअरच्या तापमानाला गाठते तेव्हा तो भाग तिथेच काच होतो. १८० ला हे व्हायला पीईआय बऱ्यापैकी रिकामं व्हावं लागतं. १४० ला त्यात अजून बरंच इपॉक्सी शिल्लक असतानाच ते गोठतं.

तापमान वाढवलं की अभिक्रियाही धावते आणि हालचालही. शर्यत कोण जिंकेल ते नुसत्या विचाराने सांगता येत नाही, आणि दुसऱ्या जोडीत निकाल उलटाही लागू शकेल. पण दुसरं कुलूप थंड बाजूला लवकर लागतं, एवढं नक्की. ब प्लेटचं जाळं त्याने समजतं.

१४ फेब्रुवारी

ज्युनिअरचा प्रश्न, सूक्ष्मदर्शकाखाली हे घडताना बघता येईल का. येईल. पीईआयचा वक्रीभवनांक इपॉक्सीपेक्षा बराच जास्त आहे, वेगळं होताच दिसायला हवं. हॉट स्टेज (सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तापवायचा मंच) पुढच्या आठवड्यात मोकळी आहे.

२० फेब्रुवारी

दोन काचांमध्ये एक थेंब, १६० अंश. पहिली वीस मिनिटं पडद्यावर काही नाही, नुसता पिवळसर उजेड. डोळे चुरचुरायला लागले. २१ व्या मिनिटाला उजेड किंचित तपकिरी झाला. वाटलं, दिवा मंद झाला. दिवा ठीक होता. तपकिरीतून बारीक रवा उमटला, रव्याची जाळी झाली, आणि ती जाळी हळूहळू हलत होती. धागे जवळ यायचे, जुळायचे, मधली भोकं मोठी व्हायची. एखादा धागा मध्येच बारीक होऊन तुटला की दोन्ही टोकं आत ओढली जाऊन गोल. साधारण सहा-सात मिनिटं हे चाललं, मग वेग मंदावला आणि सगळं थांबलं. स्टेजचं तापमान तेवढंच, चित्र मात्र गोठलेलं.

ज्युनिअर म्हणाला, "एवढंच?" हो, एवढंच. पुढचे दोन तास ओव्हनमध्ये आपण ज्या गोष्टीची वाट बघतो ती या सहा-सात मिनिटांत संपलेली असते.

१४० ला ढग धरायला, म्हणजे उजेड असा तपकिरी व्हायला, ४१ मिनिटं लागली, १८० ला ११. ढग धरताच नमुने झटकन थंड करून डीएससीवर (अभिक्रियेची उष्णता मोजणारं यंत्र) उरलेली उष्णता मोजली. १४० ला अभिक्रिया २९ टक्क्यांवर होती, १८० ला ३७. गरम असताना जास्त वेळ मिसळून राहतात, हे या जोडीच्या स्वभावाला धरून आहे. दोन्ही आकडे ५८ च्या खाली, म्हणजे जेलपूर्वी हालचालीला वाव आहे. १४० ला गोठलेली जाळी बारीक आणि अखंड, १८० ला जाड, ठिकठिकाणी तुटून गोल झालेली.

२७ फेब्रुवारी

तीन प्लेटा, तिन्ही १५ टक्के, तिन्ही एकाच काचेच्या मोल्डमध्ये एकामागून एक, थर्मोकपल मोल्डच्या आत. १४० ला चार तास, १६० ला तीन, १८० ला दोन. शेवटी तिन्ही २०० ला दोन तास, म्हणजे जाळं पूर्ण विणलं जाईल आणि तुलना फक्त रचनेची राहील. टीजी तिघांची जवळपास सारखी आली, मॉड्युलसही.

के: १.२४, १.०८, ०.८६.

रसायनं तीच, वजनं तीच, फरक फक्त पहिल्या तासाचा.

१४० च्या मालिकेतून एक नमुना बाद केला. आकडा १.९. ज्युनिअरचा जीव त्यात अडकला होता, पण तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला तर ब्लेडच्या पुढे चीर धावलेलीच नव्हती. होती ती ब्लेडने दाबून केलेली घळ. बोथट टोकावर ताण एकवटत नाही, म्हणून आकडा फुगतो. चिवट नमुन्यांत हा धोका जास्त. साध्या प्लेटमध्ये चीर नको इतकी धावायची, इथे ठोके देऊन हात दुखले तरी निघत नाही. ब्लेड बर्फात गार करून घेतलं तर जरा बरं काम होतं. १.९ वहीत आहे, पण त्याच्यावर रेघ मारून, कारणासकट.

४ मार्च

डीएमए, म्हणजे नमुना हलवत तापवायचा आणि तो कुठे मऊ पडतो ते बघायचं. १४० ची प्लेट. टॅन डेल्टाचं शिखर (मऊ पडण्याची खूण) एकच, नीटस.

ज्युनिअर: "पीक एकच आहे, म्हणजे मिसळलेलंच आहे ना?"
मी: "मग प्लेट दुधी कशाने झाली?"

तो गप्प, पण प्रश्न रास्त होता. पुस्तकातला नियम तोच सांगतो, दोन फेज तर दोन शिखरं. इथे घोटाळा असा की डीडीएसने क्युअर झालेल्या इपॉक्सीची टीजी आणि पीईआयची टीजी दोन्ही २१० ते २२० च्या पट्ट्यात पडतात. दोन शिखरं एकमेकांच्या अंगावर. खात्री म्हणून एक छोटी पट्टी डायअमिनोडायफिनाइल मिथेनने क्युअर केली, त्याचं जाळं आधी मऊ होतं. लगेच दोन शिखरं: एक १७५ च्या जवळ, दुसरं २१० च्या पुढे. अहवालात नुसता डीएमएचा आलेख टाकला असता तर कुणीतरी "मिसळलेलं आहे" म्हणून मोकळं झालं असतं, आणि आलेखाकडे बघून त्याला खोडता आलं नसतं.

६ मार्च

२५ टक्के. के १.५१, आत्तापर्यंतचा सगळ्यात वरचा. बकनॉल आणि गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये चार हातांच्या (रेणूत चार इपॉक्सी गट असलेल्या) इपॉक्सीत पीईआय वाढवत नेलं तेव्हा चिवटपणा चढताच राहिला होता, त्यामुळे आश्चर्य नाही. मिश्रण मात्र इतकं घट्ट की मोल्डमध्ये ओतलं म्हणण्यापेक्षा उलथण्याने भरलं म्हणावं. बुडबुडे अर्ध्या प्लेटभर. नमुने निवडून कापावे लागले.

संध्याकाळी १०, १५ आणि २५ टक्क्यांचे नखाएवढे तुकडे डायक्लोरोमिथेनच्या तीन बाटल्यांत टाकून घरी गेले.

७ मार्च

पहिली बाटली: तुकडा होता तसा, धारदार कडांसकट.
दुसरी: तुकडा शाबूत, पण उचलला तर हलका, सुकल्यावर खडूसारखा. पीईआय धुऊन गेलं, इपॉक्सीचं जाळं उभं राहिलं.
तिसरी: तुकडाच नाही. तळाशी बारीक पांढरी रेती.

२५ टक्क्यांना फेज उलटली आहे. पीईआय समुद्र, इपॉक्सी बेटं. समुद्र विरघळला, बेटं तळाशी बसली. चिवटपणाचा सगळ्यात मोठा आकडा देणारी हीच प्लेट द्रावकापुढे एक रात्र टिकली नाही. आणि इपॉक्सी लोक घेतात ते बऱ्याच वेळा द्रावक, तेल, इंधन सोसतं म्हणूनच. मॅडमना बाटली नेऊन दाखवली. त्यांनी ती हलवून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ही टेबलावरच ठेव." आलेखापेक्षा बाटलीने जास्त लोक गप्प होतील असं त्यांचं म्हणणं. २५ टक्के बंद, काम १५ वरच.

१२ मार्च

आज धूर झाला. प्लेट ओतून उरलेलं दीडशे ग्रॅम मिश्रण ज्युनिअरने बीकरसकट ओव्हनमध्ये सरकवलं, "क्युअर होऊन जाईल, मग फेकू". डीडीएस संथ हार्डनर आहे, पण पातळ प्लेटमधून उष्णता निघून जाते, बीकरच्या पोटातून जात नाही. तासाभरात काळा, तडकलेला गोळा आणि हॉलभर वास. कुणाला काही झालं नाही. त्याला ओरडले नाही, कारण उरलेल्या मालाचं काय करायचं हे मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. आता ओव्हनच्या दारावर चिकटवलंय: उरलेलं मिश्रण ॲल्युमिनियमच्या उथळ ताटलीत, ५ मि.मी. पेक्षा जाड थर नाही, ओव्हन आधी १२०.

१८ मार्च

१५ टक्के, १४० चं क्युअर, या वेळी सगळं ज्युनिअरने एकट्याने. मी वजनंही पाहिली नाहीत. के १.२१. जी काढला तर साधारण ४३० जूल प्रति चौरस मीटर, साध्या प्लेटच्या तिपटीच्या किंचित वर. (आता मीही तिप्पट म्हणू शकते. के चा आकडा शेजारीच लिहून.)

स्टीलच्या मोल्डमध्ये हेच जमवायचं तर ओव्हन किती ठेवायचा, हा पुढचा हिशेब. मोल्डच्या बाजूला थर्मोकपलसाठी भोक पाडायला वर्कशॉपमध्ये दिलं आहे, पोकळीपासून ५ मि.मी. वर.

दुपारी जुनी वही काढली. साध्या प्लेटांपासून पहिल्या १५ टक्क्यांपर्यंत अकरा नोंदींत "ओव्हन १८०" आहे. त्यातल्या साध्या प्लेटांना फरक पडत नाही, त्यात वेगळं व्हायला काही नव्हतंच. अ आणि ब चे मोल्ड आठवतात, ते लिहिले. १० टक्क्यांची प्लेट कुठल्या मोल्डमध्ये होती ते दोघांनाही आठवेना. तिच्यापुढे "मोल्ड ?" असं लिहिलं. ती पुन्हा करायची आहे.